गोगलगाय असलेलं पान

कुकटपल्लीत माझी धाकटी बहीण राहते. हैदराबादच्या वायव्येला हौसिंग बोर्डाची मोठी वसाहत आहे, तिला सगळे के.पी.एच.बी. म्हणतात. तिथे प्रत्येक दुसऱ्या इमारतीवर आय.आय.टी.त गेलेल्या मुलांचे पासपोर्ट साइझ चेहरे झळकत असतात. अशा मुलखात माझ्या भाचीने दहावीनंतर आर्ट्स घेतलं. शेजारणी बहिणीच्या सांत्वनाला आल्या होत्या म्हणे. मी स्वतः बी.ए. असल्यामुळे २०२३ च्या मे महिन्यात तिकडे गेलो तेव्हा भाचीच्या बाजूने बोलणारा घरात निदान एक माणूस आला.

रविवारी तिला घेऊन मेट्रोने आबिड्सला गेलो. रविवारी तिथली दुकानं बंद असतात आणि फूटपाथवर जुनी पुस्तकं मांडलेली असतात. तिथे तिने राज्यशास्त्राचं एक फाटकं पाठ्यपुस्तक चाळीस रुपयांना घेतलं. एन.सी.ई.आर.टी.चं, अकरावीचं, 'इंडियन कॉन्स्टिट्यूशन अ‍ॅट वर्क'. तेच पुस्तक कोरं करकरीत तिच्या दप्तरात होतं. मी म्हटलं, अगं, आहे ना तुझ्याकडे? ती म्हणाली, "मामा, जुन्यात कार्टून्स जास्त आहेत."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोन्ही पुस्तकं शेजारी शेजारी उघडून बसलो. कारकुनाला याची सवय असते. आमच्याकडे सेवानियमांच्या जाड पुस्तकात दुरुस्त्या आल्या की कागदाच्या पट्ट्या कापून त्या त्या नियमावर चिकटवायच्या असतात. पंचवीस वर्षांत मी अशा किती पट्ट्या चिकटवल्या असतील याचा हिशेब नाही. पण पट्टी चिकटवली की खाली काय होतं ते निदान उचकटून बघता येतं आणि वर तारीख आणि क्रमांक असतो. इथे तसं काही नव्हतं. पहिल्याच धड्यात, 'राज्यघटना: का आणि कशी' असा अर्थ होईल अशा शीर्षकाच्या, जुन्या पुस्तकात एक चित्र होतं. नव्यात ते नव्हतं.

त्या चित्रावर २०१२ साली देशाची संसद दोन दिवस तापली होती. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. एक भलीमोठी गोगलगाय. तिच्यावर 'कॉन्स्टिट्यूशन' असं लिहिलंय. तिच्या पाठीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बसलेत, त्यांच्या हातात चाबूक. मागे जवाहरलाल नेहरू, त्यांनीही चाबूक उगारलाय. सभोवती बघ्यांची गर्दी. काढणारे शंकर, म्हणजे के. शंकर पिल्लै. तारीख २८ ऑगस्ट १९४९. मसुदा समिती नेमली गेली २९ ऑगस्ट १९४७ ला. म्हणजे चित्र छापलं गेलं तेव्हा त्या नेमणुकीला दोन वर्षं व्हायला एक दिवस कमी होता. चित्रातला टोमणा उशिराबद्दलचा आहे. चित्राखाली पाठ्यपुस्तकाने मुलांना विचारलं होतं की, घटना तयार व्हायला जवळजवळ तीन वर्षं लागली, व्यंगचित्रकाराला हेच म्हणायचंय का, आणि तुम्हाला काय वाटतं, एवढा वेळ का लागला असावा?

धड्यात त्याचं उत्तर होतं. वेळ लागला कारण संविधान सभेने एकेका गोष्टीवर चर्चा केली, मतभेद ऐकून घेतले, घाईने हात वर करून मोकळे झाले नाहीत. म्हणजे पुस्तकाने चित्राची बाजू घेतलेली नव्हती. चित्र समोर ठेवून त्याला प्रश्न विचारला होता. २००५ च्या अभ्यासक्रम आराखड्यानंतर कृष्ण कुमार एन.सी.ई.आर.टी.चे संचालक असताना जी नवी पुस्तकं आली त्यांचा हा बाजच होता. राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते दिल्लीचे योगेंद्र यादव आणि पुणे विद्यापीठाचे सुहास पळशीकर. पुस्तकांत आर. के. लक्ष्मण होते, शंकर होते, आणि इरफान खान यांनी काढलेली उन्नी आणि मुन्नी अशी दोन आगाऊ पोरं होती. ही पोरं पानाच्या कडेला उभी राहून भलतेसलते प्रश्न विचारायची. माझ्या वेळचं नागरिकशास्त्र आठवून पाहा. राष्ट्रपतीचे अधिकार लिहा. राज्यपालाची पात्रता सांगा. मी हे सगळं पाठ केलं आणि परीक्षा झाल्यावर आठ दिवसांत विसरलो.

हे पुस्तक २००६ ला आलं आणि सहा वर्षं वर्गावर्गांत शिकवलं गेलं. २०१२ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्रातल्या रिपब्लिकन गटांनी चित्राला हरकत घेतली. ११ मे २०१२ ला तमिळनाडूचे खासदार थोल तिरुमावलवन यांनी लोकसभेत विषय काढला आणि मग सगळेच पक्ष उठून उभे राहिले. शिक्षणमंत्री कपिल सिब्बल यांनी माफी मागितली, चित्र काढून टाकू असं सांगितलं. त्याच दिवशी यादव आणि पळशीकर यांनी राजीनामे दिले. दुसऱ्या दिवशी, १२ मेला, पुण्यात पळशीकरांच्या विद्यापीठातल्या खोलीत काही कार्यकर्ते घुसले आणि मोडतोड करून गेले. १३ मेला संसदेच्या पहिल्या बैठकीला साठ वर्षं झाली म्हणून खास अधिवेशन होतं, लोकशाहीच्या गौरवाची भाषणं झाली. १४ मेला पुन्हा पाठ्यपुस्तकं. आता मागणी अशी की आंबेडकरांचंच का, राजकारण्यांची सगळीच व्यंगचित्रं मुलांच्या पुस्तकांतून काढा. बाबासाहेबांच्या मानाचा प्रश्न तीन दिवसांत पुढाऱ्यांच्या सोयीचा कसा झाला हे तेव्हाही बऱ्याच जणांनी दाखवून दिलं होतं.

मी तेव्हा कोणत्या बाजूला होतो हे सांगणं भाग आहे. मी पुस्तकाच्या बाजूला होतो, आणि जरा जोरातच होतो. पणजीच्या आमच्या कार्यालयात चहाच्या वेळी हा विषय निघाला. आमचा एक सहकारी बौद्ध आहे. माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, कामात चोख, कमी बोलणारा. मी त्याला म्हटलं, अरे, व्यंगचित्र समजून घ्यायला शिकलं पाहिजे, नेहरूसुद्धा आहेत ना त्यात. तो म्हणाला, "तुला हसू आलं?" मी म्हटलं, हो, थोडं आलं. तो म्हणाला, "बरं." आणि कप उचलून गेला. पुढे आम्ही एकमेकांशी फाइलींपुरतं बोलत राहिलो. भांडण नाही, काही नाही. पण त्याने एका शब्दात मिटवलेला तो विषय माझ्या डोक्यात मिटला नाही.

शंकर पिल्लैंबद्दल थोडं सांगायला हवं, कारण या प्रकरणातली सर्वांत विचित्र गाठ तिथे आहे. हा माणूस कायमकुलमचा, १९०२ चा जन्म. १९३२ पासून 'हिंदुस्थान टाइम्स'मध्ये व्यंगचित्रं काढत होता. मे १९४८ मध्ये त्याने स्वतःचं 'शंकर्स वीकली' सुरू केलं. उद्घाटनाला नेहरू आले आणि मलाही सोडू नका असं सांगून गेले. शंकरने खरोखर सोडलं नाही, नेहरूंवर शेकड्यांनी चित्रं काढली. १९७५ च्या आणीबाणीत ते साप्ताहिक बंद पडलं. गोगलगायीचं चित्र काढलं त्याच १९४९ साली त्याने मुलांसाठी चित्रकलेची स्पर्धा सुरू केली. तीच पुढे आंतरराष्ट्रीय झाली, आमच्या शाळेतूनही तिला चित्रं जायची. आणि १९५७ साली त्याने चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट काढला. दिल्लीच्या बहादूरशहा जफर मार्गावरचं नेहरू हाऊस आणि त्यातलं बाहुल्यांचं संग्रहालय त्याचंच. ट्रस्टची ती रंगीत, स्वस्त, चांगल्या कागदाची पुस्तकं आमच्या शाळेच्या कपाटातही होती. स्वतंत्र भारतातल्या मुलांना परवडेल अशी पुस्तकं देण्यासाठी ज्याने अर्धं आयुष्य घातलं, त्याचंच चित्र मुलांच्या पुस्तकातून संसदेने काढायला लावलं. १९८९ ला तो वारला, म्हणून हे त्याला बघावं लागलं नाही.

पण चित्रकार थोर होता म्हणून चित्र बरोबर ठरत नाही. मुळात गोगलगाय खरी होती का?

याचं उत्तर खुद्द बाबासाहेबांनी दिलंय, आणि तेही चित्रानंतर तीन महिन्यांच्या आत. २५ नोव्हेंबर १९४९ चं त्यांचं संविधान सभेतलं शेवटचं मोठं भाषण आपण सगळे विभूतिपूजेच्या इशाऱ्यासाठी आणि सामाजिक लोकशाहीच्या मुद्द्यासाठी आठवतो. त्या भाषणाची सुरुवात मात्र निव्वळ हिशेबाची आहे, आणि माझ्यासारख्याला तोच भाग विशेष आवडतो. सभेला लागलेला काळ दोन वर्षं अकरा महिने सतरा दिवस. मसुदा समिती बसली १४१ दिवस. मग इतर देश. अमेरिकेला चार महिने लागले, कॅनडाला दोन वर्षं पाच महिने, ऑस्ट्रेलियाला नऊ वर्षं, दक्षिण आफ्रिकेला एक वर्ष. आता आकार पाहा. आपली कलमं ३९५. कॅनडाची १४७, ऑस्ट्रेलियाची १२८, दक्षिण आफ्रिकेची १५३, अमेरिकेची तर त्याहून फार कमी. आणि त्या देशांच्या घटनाकारांपुढे दुरुस्त्यांचा डोंगर नव्हता. आपल्याकडे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. एका सभासदाने मसुदा समितीला 'ड्राफ्टिंग' ऐवजी 'ड्रिफ्टिंग', म्हणजे वाहवत जाणारी समिती, असं नाव ठेवलं होतं. त्याचाही समाचार बाबासाहेबांनी तिथेच घेतला. थोडक्यात, गोगलगायीला उत्तर मिळालं ते आकड्यांनी, सभागृहात उभं राहून.

दुसरी गोष्ट त्याआधी वर्षभर घडलेली. ५ नोव्हेंबर १९४८ ला टी. टी. कृष्णम्माचारी सभेत म्हणाले ते असं: मसुदा समितीवर सात जण नेमले. एकाने राजीनामा दिला, त्याच्या जागी दुसरा आला. एक वारला. एक अमेरिकेत गेला. एक संस्थानी कामात अडकला. एकदोघे दिल्लीपासून दूर होते आणि प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. शेवटी मसुद्याचं ओझं एकट्या आंबेडकरांवर पडलं. सरकारी कचेरीत ज्याने काम केलंय त्याला ही समिती ओळखीची वाटेल. सात नावं आदेशात आणि टेबलावर एक माणूस, तोही मधुमेहाने बेजार. आता पुन्हा चित्राकडे बघा. गोगलगायीवर एकच माणूस बसलाय. शंकरला अभिप्रेत नसेल, पण तेवढं मात्र त्याने खरं काढलं.

इथे गोव्याबद्दल न बोलता पुढे जाता येत नाही. ऑगस्ट १९४९ मध्ये दिल्लीतला एक चित्रकार पंतप्रधान आणि कायदामंत्री यांना गोगलगायीमागे पळवत होता, तेव्हा आपल्याकडे सालाझारची सेन्सॉरशिप होती. वर्तमानपत्राचा मजकूर सेन्सॉरच्या नजरेखालून जायचा आणि तशी टीप छापावी लागायची. लग्नपत्रिकासुद्धा दाखवून आणावी लागायची हे आपल्या घरांतल्या जुन्या माणसांनी किती वेळा सांगितलंय. भारतकार हेगडे देसाई १९१२ पासून मराठीत आणि पोर्तुगीजमध्ये लिहून सरकारशी भांडले, खटले अंगावर घेतले. त्याही मागे गेलो तर १६८४ च्या फर्मानात तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोला असा हुकूम होता, आणि मुलांना ती शिकवण्याचं काम चर्चच्या शाळांवर टाकलं होतं. पुस्तकावर बंदी आणण्याऐवजी मुलाच्या तोंडावरच बंदी. त्यामुळे 'काढून टाका' हा शब्द कानावर पडला की गोव्याचा माणूस सावध होतो. २०१२ मध्ये माझा आवाज चढला त्यात हेही होतं. १९४९ च्या गोव्यात असं चित्र छापणारा दुसऱ्या दिवशी कुठे असता, हे मी त्या सहकाऱ्याला ऐकवलं होतं. त्यावरही तो काही बोलला नव्हता.

त्या मेमध्ये कुकटपल्लीत, टेबलावर दोन पुस्तकं पडलेली असताना, भाचीची मैत्रीण आली. तिच्याच वर्गातली, दोन गल्ल्या सोडून राहते. घरचे नांदेडचे, वडील बालानगरच्या एका कारखान्यात फोरमन. मराठी बोलते, मधूनच तेलुगू. भाचीने तिच्यापुढे जुनं पुस्तक सरकवलं आणि म्हणाली, हे बघ, हे काढलं. मुलीने चित्र बराच वेळ पाहिलं. मी तोवर माझं २५ नोव्हेंबरचं भाषण सुरू केलं होतं. पुस्तकाने चित्राची बाजू घेतलेली नाही, प्रश्न विचारलाय, वगैरे. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "काका, प्रश्न चांगलाय. पण वर्गात आधी चित्र दिसतं. प्रश्न नंतर वाचतात. मधल्या वेळात कोण हसतंय ते मी बघणार."

भाची म्हणाली, "मी नसते हसले."

"तू नसतीस. म्हणून तर तुझ्या घरी बसून बघतेय."

मला माझा चहाचा कप आठवला.

तिनेच मग मला उन्नमती श्यामसुंदर यांच्या पुस्तकाचं नाव सांगितलं. तिच्या थोरल्या भावाने ते घेतलं होतं, दुसऱ्या दिवशी तिने आणून दिलं. श्यामसुंदर विजयवाड्याचे, स्वतः व्यंगचित्रकार. 'नो लाफिंग मॅटर' हे त्यांचं पुस्तक नवयान प्रकाशनाने २०१९ साली काढलं. १९३२ ते १९४८ या काळात इंग्रजी वर्तमानपत्रांत आंबेडकरांवर आलेली शंभरावर व्यंगचित्रं त्यांनी जुन्या अंकांतून शोधून काढली आणि एकेकाखाली त्या वेळचा संदर्भ लिहिला. मी दोन रात्री ते वाचलं. एक चित्र पाहिलं तर ते एक चित्र असतं. शंभर एका रांगेत पाहिली की वेगळंच काही दिसायला लागतं. गांधी मोठे, नेहरू उंच, आणि आंबेडकर बहुधा सगळ्यांत ठेंगणे. कुठे हट्टी पोर, कुठे बाईच्या वेशात, कुठे कामात मोडता घालणारा. काढणाऱ्यांत मोठी मोठी नावं आहेत. शंकर त्यांतले एक. त्यांतल्या प्रत्येकाने मुद्दाम विष कालवलं असं मी म्हणणार नाही. वर्तमानपत्राच्या कचेरीत बसलेल्यांना ज्याच्यावर हसणं सोपं वाटत होतं त्याच्यावर ते हसत होते, एवढं मात्र त्या रांगेत स्पष्ट दिसतं. त्या काळात एखादा दलित व्यंगचित्रकार अशा मोठ्या पत्रात असता तर गोगलगायीवर कोण बसला असता?

पाठ्यपुस्तकात ही रांग नव्हती. तिच्या शेवटचं, १९४९ चं, एक सुटं चित्र होतं. पळशीकर आणि यादव या दोघांच्या हेतूबद्दल मला आजही शंका नाही. त्या पुस्तकांत आंबेडकरांबद्दलचा आदर पानापानांवर आहे, आणि शाळेच्या पुस्तकांत त्यांना इतकी जागा पूर्वी क्वचितच मिळाली असेल. पण नांदेडच्या त्या मुलीला जे चित्राबरोबर आपोआप दिसतं, ते मला दाखवायला शंभर चित्रं लागली. तिने ती रांग पुस्तकात वाचण्याआधीही पाहिलेली होती, वर्गात.

तरी काढून टाकणं बरोबर होतं का? मला अजूनही तसं वाटत नाही. २०१२ मध्येच सरकारने सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. थोरात अमरावती जिल्ह्यातले, आंबेडकरी अर्थशास्त्रज्ञ, विद्यापीठ अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष. समितीने नववी ते बारावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांतली बरीच चित्रं काढावीत किंवा बदलावीत असं सुचवलं. तिच्या सभासदांतले एम. एस. एस. पांडियन मात्र वेगळं मत लिहून मोकळे झाले. पांडियन म्हणजे द्रविड चळवळीचा आणि जातीचा इतिहास लिहिणारा माणूस. बाबासाहेबांबद्दल आस्था नाही म्हणून ते बोलले असं कोणी म्हणू शकलं नसतं. दोन्ही बाजूंना आंबेडकर वाचलेली माणसं होती, हे त्या गदारोळात कोणाच्या लक्षात राहिलं नाही. एका बाजूला सहिष्णू उदारमतवादी आणि दुसऱ्या बाजूला भावना दुखावलेले, अशी वाटणी टीव्हीने करून टाकली. मीही ती तशीच उचलली होती.

आता त्या दोन पुस्तकांतला दुसरा फरक सांगतो. तो मला भाचीने दाखवला. त्याच पहिल्या धड्यात, संविधान सभेच्या समित्यांबद्दल एक वाक्य आहे. समित्यांचे अध्यक्ष बहुधा कोण असत, त्याची नावं. जुन्या पुस्तकात नेहरू, राजेंद्र प्रसाद, पटेल, मौलाना आझाद आणि आंबेडकर. नव्यात नेहरू, राजेंद्र प्रसाद, पटेल आणि आंबेडकर. आम्ही दोनदा बोट ठेवून वाचलं. त्या एप्रिलमध्येच, म्हणजे मी जाण्याच्या महिनाभर आधी, वर्तमानपत्रांत याची बातमी येऊन गेली होती. मी ती घाईत वाचून पुढे गेलो होतो. आझाद स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री. शाळेच्या पुस्तकातून त्यांचं नाव जातं आणि वाक्य व्याकरणदृष्ट्या अगदी शुद्ध राहतं. संसद उठली नाही. कोणाची खोली फुटली नाही. चित्र काढलं तेव्हा निदान सगळ्या देशाला कळलं होतं की काहीतरी काढलंय.

मी गोव्यात परतल्यावर, जून २०२३ मध्ये, यादव आणि पळशीकर यांनी एन.सी.ई.आर.टी.ला पत्र लिहून या पुस्तकांवरची आपली नावं काढून टाकायला सांगितलं. इतकी काटछाट झाल्यावर ही पुस्तकं आपली म्हणवत नाहीत, असा त्याचा आशय. संस्थेने ते मानलं नाही. ज्यांचं नाव ठेवायचं ते काढतात आणि ज्यांना काढून हवंय त्यांचं ठेवतात. असो.

निघायच्या आदल्या दिवशी दोघी मुलींना घेऊन हुसेनसागरावरचा बाबासाहेबांचा पुतळा बघायला गेलो. १२५ फुटी, १४ एप्रिल २०२३ ला अनावरण झालेला. कुकटपल्लीहून मेट्रो सुटली की पुढचं स्टेशन डॉ. बी. आर. आंबेडकर बालानगर. नांदेडच्या मुलीने सांगितलं की उस्मानिया विद्यापीठाने १२ जानेवारी १९५३ ला बाबासाहेबांना डी.लिट. दिली होती, हे आमच्या शाळेत कोणाला माहीत नाही. मला तरी कुठे माहीत होतं! पुतळा फार मोठा आहे. खाली उभं राहून वर पाहिलं की चेहरा नीट दिसत नाही, म्हणून सगळे लांब जाऊन फोटो काढत होते.

रात्री भाचीने जुन्या पुस्तकातल्या त्या पानाची झेरॉक्स काढून आणली. मी तिला आमच्या दुरुस्तीपट्ट्यांबद्दल सांगितलं होतं, ते तिने मनावर घेतलं. नव्या पुस्तकात पहिल्या धड्यात ती चिकटवायची होती. मैत्रीण म्हणाली, चिकटव, पण नुसती नको. मग तिने झेरॉक्सच्या कडेला बारीक अक्षरात लिहिलं: १४१ दिवस. ३९५ कलमं. २,४७३ दुरुस्त्या. त्याखाली सातजणांच्या समितीचं काय झालं ते दोन ओळींत, आणि त्याखाली, हे चित्र २०१२ मध्ये काढलं. समित्यांच्या वाक्यात पटेल आणि आंबेडकर यांच्यामध्ये काकपद घालून वर 'मौलाना आझाद' लिहिलं भाचीने, पेन्सिलने. पेनने का नाही, असं मी विचारलं. म्हणाली, शाळेत वह्यापुस्तकं तपासतात.

फेविकॉल जरा जास्तच लागला होता. पंख्याखाली ठेवूनही पान फुगलेलंच राहिलं आणि सकाळी मी निघालो तोवर पुस्तक नीट मिटत नव्हतं. बहिणीने वर इस्त्री ठेवून दिली होती.